अकरावा गडी

"नाही म्हणाली म्हणजे कशी म्हणाली?" रागनाने विचारलं.

"नाही म्हणाली म्हणजे नाही म्हणाली." ईवरने ओव्हरकोट खुंटीला अडकवला आणि हात चोळत चुलीपाशी आला. "मी तिथेच बसलो होतो. मनातल्या मनात देवाचे आभार मानले."

"आज तू सगळ्याचेच आभार मानशील. सण आभाराचा आणि तू पाद्री. मला वहिनीचे शब्द सांग."

"शब्द कशाला हवेत?"

"सांग रे."

"म्हणाली, छे हो मास्तर, आमच्या सिगुर्दचं काय एवढं. त्याच्याहून चांगली मुलं आहेत तुमच्याकडे."

"मग मास्तर काय म्हणाले?"

"टोपी उचलली. समजलो बाई, म्हणाले. गेले."

"परत विचारलं नाही?"

"नाही. सभ्य माणूस आहे."

रागनाने तव्यावरची लेफ्से, बटाट्याची पातळ पोळी, लाकडी काठीवर उचलून फडक्यात टाकली. "मग ती नाही म्हणालीच नाहीये. ते कॉफीचं 'नाही' आहे."

"झालं तुझं सुरू."

"तुला कुणी कॉफी विचारली की काय म्हणतोस? नको. दुसऱ्यांदा विचारली की? कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा? बरं, अर्धा कप. आणि मग किटली रिकामी करून उठतोस. तुझ्या बायकोने तुला कितव्यांदा हो म्हटलं होतं?"

"ते वेगळं."

"कितव्यांदा?"

ईवरने चुलीत लाकूड सारलं. "तिसऱ्यांदा."

"मास्तर तुझ्या जागी असते तर आज ब्रह्मचारी असते."

"ते ब्रह्मचारीच आहेत."

"का ते कळलं ना आता?"

हंगाम, रागनाच्या तोंडून:

पहिला सामना जिंकलो. दुसराही जिंकलो, चिखलात, आणि त्या रात्री आपल्या सोलहाइम कॉलेजच्या पोरांनी प्रार्थनामंदिराची घंटा वाजवली म्हणून ईवर आठवडाभर धुमसत होता. तिसऱ्यात सिगुर्द पडला. चौथा बरोबरीत. पाचवा जिंकलो, पोरं मक्याच्या शेतातून सरळ आगगाडीत बसली होती, एकाच्या केसांत तर कणसाच्या शेंड्या तशाच होत्या. सहावा परवा, शनिवारी, आपल्याच मैदानावर, नदीपलीकडच्या कॉलेजशी.

रागना गावच्या शाळेत शिकवायची. तिच्या मते जगात फार थोड्या गोष्टी बघण्यासारख्या होत्या आणि त्यातली एक म्हणजे लंबगोल चेंडू काखेत मारून, समोरच्या अकरा जणांत मान खाली घालून घुसणारा भाचा. ईवरच्या मते तो खेळ म्हणजे खाटकाचं काम. तिसऱ्या सामन्यात सिगुर्दच्या खांद्याचं हाड मोडलं, डोकं आपटलं, तेव्हा ईवरने कॉलेजच्या विश्वस्तांपुढे ठराव ठेवला: खेळ बंद. म्हातारे हालवोर, ह्या दोघांचे वडील, विश्वस्तांत सर्वांत जुने. ते उठले आणि म्हणाले, बंद नको, पण इथून पुढे मास्तरांनी प्रत्येक पोराच्या आईबापाला स्वतः जाऊन विचारावं आणि त्यांनी हो म्हटलं तरच पोर खेळेल. सगळ्यांना ते फार शहाणपणाचं वाटलं. हा खेळ शिकवणारे व्हिटकॉम्ब मास्तर पूर्वेकडच्या मोठ्या शहरातून आलेले आहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पोरं मुळात थोडी. दोघं लंगडत होती, एक बापाच्या मदतीला घरी गेलेला. आता दहा उरली. अकरा झाली नाहीत तर सामना नाही.

"वहिनीला परत विचारायला हवं मास्तरांनी," रागना म्हणाली.

"मग जाऊन सांग त्यांना."

"वेडा आहेस का? परत विचारा असं सांगतात का कुणी? मग त्या विचारण्याला काय अर्थ राहिला?"

"त्यांना जेवायला कुणी बोलावलंय आज?"

"बाबांनी. मक्याचे आभार म्हणून."

"कितव्यांदा हो म्हणाले?"

"पहिल्यांदा," रागना म्हणाली, आणि दोघंही हसली. तेवढ्यापुरतं भांडण मिटलं.

टेबलाच्या डोक्याशी हालवोर. उजवीकडे ईवर. त्याच्या शेजारी एरवी रिकामी असणारी खुर्ची, थोरल्या भावाची, ओलेची. बारा वर्षांपूर्वी तो गेला तरी ती भिंतीला लावायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि आज प्रथमच तिच्यात कुणीतरी बसलं होतं, कारण पाहुण्याला दुसरी जागाच नव्हती. व्हिटकॉम्बला हे ठाऊक नव्हतं. आपण बसताना सगळे एकदम का थांबले, एवढंच त्याला समजलं नाही. समोर ओलेची बायको गुनहिल. तिच्याशेजारी सिगुर्द. रागना चुलीपासून टेबलापर्यंत.

व्हिटकॉम्बला कॉफी सोसत नव्हती. पोटात जळजळ व्हायची. खोऱ्यात आल्यापासून तो प्रत्येक घरी नको म्हणत होता आणि प्रत्येक घरी त्याच्यापुढे वाफाळता कप येत होता. ही माणसं सज्जन आहेत पण थोडी बहिरी असावीत, अशी त्याने समजूत करून घेतली होती.

"कॉफी, मास्तर?"

"नको, खरंच नको."

"घ्या हो."

"नाही, मनापासून सांगतो—"

"घ्या, थंडी आहे."

अर्धा कप भरला. व्हिटकॉम्बने आभार मानले.

ह्या लोकांचं त्याला एक फार आवडायचं. आभार मानण्यात ती कधी कंजुषी करत नसत. जेवण झालं की आभार. भेटलं की मागच्या भेटीचे आभार. ऑक्टोबरात सिगुर्दचा हात गळ्यात बांधलेला होता आणि गुनहिलचा मका शेतात उभाच होता, तेव्हा एका दुपारी त्याने सराव बंद केला आणि सगळ्या पोरांना तिच्या शेतात नेलं. कुणी सुचवलं नव्हतं. मनगटाला पट्ट्याने हूक बांधायचा, कणीस सोलायचं, मोडायचं, गाडीच्या पलीकडच्या फळीवर फेकायचं. ठण. ठण. ठण. शेतकऱ्यांची पोरं त्याच्या दुप्पट वेगाने पुढे जायची. त्याच्या तळहातांवर फोड आले, फुटले, परत आले. शेत संपेपर्यंत ते रोज जात राहिले. शेवटच्या दिवशी गुनहिल कुंपणाशी उभी राहिली, एकेकाशी हस्तांदोलन केलं. त्याच्याशी करताना तिने त्याचा हात उलटा करून बघितला आणि घरात जाऊन चरबीचा मलम आणून चोपडला.

तिने एकदा नाही म्हटल्यावर अशा बाईला तो परत कसा विचारणार? त्याच्या आईने त्याला तसं वाढवलं नव्हतं.

हालवोरनी हात जोडले. त्यांच्या, म्हणजे नेस्तादांच्या, घरी ह्या दिवशी प्रत्येकाने एका गोष्टीचे आभार मानायचे, मोठ्याने, थोडक्यात.

हालवोर म्हणाले: "ऑगस्टातल्या पावसाचे." (मनात: ह्या खुर्चीत कुणी बसलं, त्याचे.)

ईवर म्हणाला: "एक पोर वाचलं, त्याचे." (मनात: तेच.)

रागना म्हणाली: "घंटा वाजली, त्याचे." ईवरने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं.

व्हिटकॉम्ब म्हणाला: "ह्या घराचे." (मनात: कॉफीचा कप अर्धाच भरला, त्याचेही.)

गुनहिल म्हणाली: "मक्याचे."

सिगुर्द म्हणाला: "मक्याचे." सगळ्यांना वाटलं, त्याने आईचंच उचललं.

"मास्तर," रागनाने रताळी पुढे केली, "तुम्हाला आज कुणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा हं."

"नाही, काही नाही."

"काहीही."

"मीठ मिळेल का?"

रागनाने मीठ दिलं. मग घरच्या नॉर्वेजियनमध्ये म्हणाली, "ह्याच्याने काही व्हायचं नाही, बाबा. दगडाला विचार म्हटलं तर दगडाने विचारलं असतं."

"पाहुणा बसलाय," हालवोर म्हणाले.

"त्याला आपली भाषा कुठे कळते? वहिनी, तू तरी बोल. पोराने चार दिवस तोंड उघडलेलं नाही. दिसत नाही का तुला?"

"दिसतं," गुनहिल म्हणाली.

"मग? डॉक्टर म्हणतो हाड जुळलं. त्यांनी मूर्खासारखं एकदाच विचारलं म्हणून सगळा हंगाम पाण्यात घालायचा?"

"तिला नाही म्हणायचा हक्क आहे," ईवर म्हणाला. "मला तर वाटतं अख्ख्या कुटुंबात एकटी तीच—"

"तू तिच्या बाजूने बोलू नकोस, ईवर. ती तुझ्या बाजूची नाहीये."

"कशावरून?"

"तिने मलम लावला त्यांना. तू लावला असतास?"

हालवोरनी काटा खाली ठेवला. आवाज फारसा झाला नाही, तरी दोघं गप्प बसली.

"सूनबाई," ते म्हणाले. "नियम मी केला. घोळ माझा आहे. मास्तरांच्या वतीने मी विचारतो. शनिवारी सिगुर्द खेळेल का?"

गुनहिलला हे येणार हे सकाळपासून ठाऊक होतं. फक्त मामंजी विचारतील असं तिला वाटलं नव्हतं. त्यांनी आजवर तिला काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं, दिलं होतं, ओले गेला त्या हिवाळ्यात रोज पहाटे येऊन न बोलता तिच्या गाईंची धार काढली होती.

"नाही, मामंजी."

"दुसऱ्यांदा विचारतो."

सिगुर्दचा सुरीवरचा हात तिच्या कोपराला लागून होता. तो हात थिजला होता. गेल्या महिन्यात शेताच्या कडेला पोरं दमून बसली असताना कुणीतरी गंमत म्हणून चेंडू सिगुर्दकडे भिरकावला. सोपा, हळू, एका हाताने झेलता येईल असा. सिगुर्द सरकून गाडीच्या मागे गेला आणि घोडीचा लगाम ठीक करायला लागला. लगाम ठीकच होता. पोरांनी ते बघितलं नाही. तिने बघितलं. आणि त्याआधीचं, तिसऱ्या सामन्याच्या रात्रीचं, ते तर—

ती मास्तरांच्या हातांकडे बघत होती. फोडांच्या जागी आता कडक पिवळी कातडी होती. ह्या माणसाने तिचा मका घरात आणला. त्याला ती एक पोर देऊ शकत नव्हती आणि का ते सांगूही शकत नव्हती, कारण ते सांगणं तिचं नव्हतं.

"नाही, मामंजी."

रागना ओठ चावत हसली. तिसरं आता येणार.

"तिसऱ्यांदा विचारतो, गुनहिल."

"नाही."

त्या घरात तिसरं 'नाही' कुणी ऐकलं नव्हतं. त्यानंतर काय म्हणतात ते कुणाला माहीत नव्हतं. ईवरला आनंद व्हायला हवा होता. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. रागनाचा चेहरा उतरला. का, असं कुणी विचारलं नाही, तेही त्या घरात विचारत नसत.

सिगुर्दने श्वास सोडला. इतका हळू, की शेजारी बसलेल्या बाईखेरीज कुणाला कळू नये.

व्हिटकॉम्बला एवढंच दिसलं की म्हाताऱ्याने सुनेला काहीतरी तीनदा विचारलं आणि ती तीनदा नाही म्हणाली. कसलातरी घरगुती प्रश्न असावा. त्याने घसा साफ केला.

"हालवोरजी, सणाच्या दिवशी सांगू नये, पण उद्या सकाळी मी त्या कॉलेजला तार करतो. येऊ नका म्हणून. आम्ही दहाच आहोत."

"पेदर आहे की," रागना म्हणाली. "ब्रेक्केंचा. बारीक आहे, पण उंदरासारखा निसटतो."

"त्याच्या आईने नाही म्हटलं."

रागना लेफ्सेला लोणी लावत होती. सुरी थांबली. "मारितने? काय म्हणाली मारित?"

"म्हणाली, आमचा पेदर काय करणार तिथे."

ईवर खुर्चीत सरळ झाला. हालवोरनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि तुम्ही किती वेळा विचारलंत, मास्तर?" रागनाचा आवाज फार गोड झाला होता.

"एकदा. एका आईवर जबरदस्ती कशी करायची?"

पुढचा बराच वेळ टेबलाभोवती दोन भाषांमध्ये एकदम बोलणं चाललं होतं. व्हिटकॉम्बला कॉफीचं समजावून सांगण्यात आलं. त्याला ईवरच्या लग्नाचंही सांगण्यात आलं. त्यावर ईवर उठून खिडकीशी गेला. व्हिटकॉम्बने आपल्या कपाकडे बघितलं. खोऱ्यातले सगळे कप त्याला आठवले असावेत.

"म्हणजे तुम्ही बहिरे नाही आहात," तो म्हणाला.

हालवोर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "सिगुर्द, घोडी जोड. मास्तरांना मारितकडे ने. उजेड आहे तोवर."

"मी येते," गुनहिल म्हणाली.

"तू कशाला, वहिनी?"

"ते दुसऱ्यांदा विचारूनच थांबतील."

रस्ता. गाडीत पुढे सिगुर्द आणि आई, मागे मास्तर, गुडघ्यांवर रानगव्याच्या केसाळ कातड्याचं पांघरूण, तसलंच दुसरं पुढे घडी करून ठेवलेलं. ओढ्यावर पातळ बर्फ. घोडीच्या नाकातून वाफ.

सिगुर्दला आईला काहीतरी म्हणायचं होतं. आभार, हा शब्द त्यांच्याकडे इतक्या ठिकाणी वापरला जायचा, ताटाला, पावसाला, शेजाऱ्याने उसनं दिलेल्या कुदळीला, की आता लागेल एवढा तो मोठा राहिला नव्हता. तो म्हणाला, "थंडी वाजतेय का?"

"नाही."

"पांघरूण घे."

"नको."

"घे गं."

तिने घेतलं.

मारित ब्रेक्केचं स्वयंपाकघर.

"नको हो मास्तर. आमचा पेदर काय करणार तिथे."

गुनहिलने मास्तरांच्या कोपराला हलकेच बोट लावलं.

"मिसेस ब्रेक्के, मी परत विचारतो. पेदर खेळेल का?"

"छे. त्याला तर बूटही नाहीत धड."

बोट.

"बाई, मी तिसऱ्यांदा—"

"ऐकू येतं मला." मारितने हात ॲप्रनला पुसले आणि गुनहिलकडे वळली. इंग्रजी सोडून दिलं. "तुझा का नाही खेळत?"

"मी नाही म्हटलं."

"हाड जुळलं ना?"

"जुळलं."

"मग कितव्यांदा नाही म्हटलंस?"

"तिन्ही वेळा."

"आणि तू मास्तरांना घेऊन माझ्या दारात आलीस. माझ्यासाठी."

"हो."

"स्वतःचा झाकून माझा मागायला आलीस."

"मारित—"

"मी काय चुकीचं बोलले? सांग ना. मका तुझा निघाला त्यांच्या हातांनी. आभार तुला मानायचेत. आणि पोर माझं?"

गुनहिलने तोंड उघडलं. हाड नीट जुळलं नाही, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तिने तोंड मिटलं. घरातून निघताना तिला हे सुचायला हवं होतं, आणि सुचलं नव्हतं. तिला फक्त मास्तरांचे हात दिसले होते.

"मला भीती वाटते, मावशी," दारातून सिगुर्द म्हणाला.

तो घोडीला बांधून आत आला होता, टोपी हातात. मग त्याने मास्तरांकडे वळून तेच इंग्रजीत सांगितलं. त्यानंतर तो एक वाक्य इकडे, एक तिकडे असं बोलत गेला.

"दुखण्याची नाही. त्या दिवशी मी पडलो, उठलो आणि पुढे खेळलो म्हणे. हसत होतो म्हणे. दोनदा चेंडू घेऊन पळालो म्हणे. मला त्यातलं काही माहीत नाही. माझ्या जागी कोण खेळलं ते मला माहीत नाही. रात्री घरी आणलं तेव्हा मी आईला विचारलं, बाबा गोठ्यात आहेत का."

मारित बसली.

"आईने हे कुणाला सांगितलं नाही. आजोबांनाही नाही. तिचं 'नाही' माझं आहे."

व्हिटकॉम्ब म्हणाला, "मी तुला बाहेर काढायला हवं होतं."

"मी हसत होतो ना, सर. हसणाऱ्याला कोण काढतं?"

आतल्या खोलीच्या दारात पेदर केव्हापासून उभा होता. "मला नाही वाटत भीती," तो म्हणाला.

"म्हणूनच नाही म्हणतेय मी," मारित म्हणाली. "पहिलं 'नाही' रीतीचं होतं, गुनहिल. दुसरं नव्हतं. ह्याला लहानपणापासून भीती कशाशी खातात माहीत नाही. छपरावरून उडी मारली होती ह्याने, गवत नसताना."

"होतं थोडं," पेदर म्हणाला.

"गप्प बस." ती सिगुर्दकडे बघत राहिली. "शनिवारी तू कुठे बसणार?"

"रेषेपाशी. घोंगड्या धरायला."

"तिथून नीट दिसतं?"

"दिसतं."

"मग असं." आता ती इंग्रजीत बोलली, एकेक शब्द निवडून. "पेदर खेळेल. पण सिगुर्दने पुरे म्हटलं की पेदर बाहेर. मास्तर, तुम्ही नाही ठरवायचं. पेदरने तर नाहीच. हा ठरवेल."

"बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही, बाई. आमच्याकडे दुसरा कुणी नाही. आम्ही दहाच राहू."

"मग दहा."

"आई!"

"मग दहा, म्हटलं ना."

व्हिटकॉम्बने सिगुर्दकडे बघितलं. सिगुर्द पांढराफटक पडला होता. खेळणं त्याला ह्याहून सोपं गेलं असतं.

"कबूल," व्हिटकॉम्ब म्हणाला.

मारितने किटली उचलली. कॉफी घ्याल का, म्हणून विचारलं. मास्तर लगेच हो म्हणाले. मारितला ते जरा हावरटपणाचं वाटलं, पण पाहुणा परका होता.

शनिवार.

गवत गोठून कडक. गाड्या मैदानाभोवती उभ्या, घोड्यांवर घोंगड्या. ईवरही आला होता. मी फक्त बहिणीला सोडायला आलोय, असं तो भेटेल त्याला सांगत होता. पूर्वार्धात मात्र त्याने कुणाचीतरी टोपी हवेत उडवली, ती रागनाची निघाली.

त्यांचे पाच गुण झाले. मग आमचेही पाच: पेदर, कुणाच्यातरी पायांमधून, पोटावर घसरत शेवटच्या रेषेपार, पुढ्यात चेंडू. त्याच्या बुटांत मारितने लोकर कोंबली होती, तरी एक बूट मागेच राहिला. हालवोर गाडीत उभे राहिले, मग उभे आहोत हे लक्षात येऊन बसले.

गुनहिल मारितच्या गाडीत बसली होती. गुनहिल मैदान बघत नव्हती. ती रेषेपाशी घोंगड्यांच्या ढिगावर बसलेल्या पाठीकडे बघत होती.

उत्तरार्ध. ढिगाऱ्यात पाच-सहा जण पडले, एकेक करून उठले. पेदर शेवटी उठला. ठीक दिसत होता. कपडे झटकले. जागेवर जाऊन उभा राहिला, तोंड आपल्याच पोरांकडे करून. एकाने त्याला खांद्याला धरून वळवला. तो हसला. लोकही हसले.

सिगुर्द उठला.

त्याने हात वर केला नाही, धावला नाही. तो मास्तरांपर्यंत चालत गेला आणि काहीतरी म्हणाला. मास्तरांनी मैदानाकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग सिगुर्दकडे. थोडाच वेळ उरला होता, बरोबरी होती, आणि रेषेच्या कडेला हंगामभर घसा फोडून ओरडलेली अर्धी माणसं हे बघत होती. कुणीतरी म्हणालं, पोर धडधाकट आहे की. कुणीतरी म्हणालं, हा सिगुर्द स्वतः तर खेळत नाही.

सिगुर्द परत तेच म्हणाला. गाडीतून ओठ दिसत होते: पुरे.

मास्तरांनी पंचाला खूण केली.

दहा जणांनी बराच वेळ रेटून धरलं. मग समोरच्यांच्या एका लांब तंगडीच्या पोराने दोन खांबांमधून चेंडू मारला. चार गुण. ते नऊ, आम्ही पाच. शिटी झाली. टाळ्या दोन्ही बाजूंनी वाजल्या, आपल्या बाजूने जरा उशिरा. रागना रडत होती आणि ईवर तिला आपला रुमाल देत होता; तिने नको म्हटलं, त्याने परत पुढे केला.

मैदान रिकामं व्हायला लागलं तरी घोंगड्यांच्या ढिगावर दोघं होते. पेदरच्या पाठीवर घोंगडी, सिगुर्दने मागून धरलेली. पेदर आधी नुसता बसला होता. मग त्याने इकडेतिकडे बघितलं, कुणालातरी काही विचारलं, उत्तर ऐकलं. आणि उसळला. घोंगडी फेकली, एका बुटाने उभा राहून सिगुर्दला शिव्या द्यायला लागला. पार गाड्यांपर्यंत ऐकू येत होत्या. आपण ठीक होतो, आपल्याला कळत होतं, दहाजणांनी हरायची वेळ सिगुर्दने आणली, भेकड कुठला. सिगुर्दने घोंगडी उचलून परत त्याच्या खांद्यावर टाकली. पेदरने परत फेकली.

मारितने कधीपासून मुठीत धरून ठेवलेला लगाम सोडला. बोटांवर त्याचे वळ उठले होते.

"काय ओरडतोय," ती म्हणाली.

"हो," गुनहिल म्हणाली.

"ओरडू दे."

दोघी तशाच बसून ऐकत राहिल्या.